काळीत शेड घालताना पाया किती खोल?

प्रश्न : आर्वी तालुक्यात आम्ही वावरातच नवीन घर बांधलं. आता बाजूला गाडीसाठी टिनाचं शेड घालायचं आहे, 10 बाय 20 फूट, चार लोखंडी खांबांवर. मुलगा टोरोंटोला असतो. तो म्हणतो, तिकडे अशा शेडचा पाया 4 फूट खोल नेतात, नाहीतर हिवाळ्यात जमीन खांब वर उचलते. गावचा मिस्त्री म्हणतो, शेडच तर आहे, दोन फूट पुरे. कोणाचं ऐकू?
— एक वाचक, जि. वर्धा

उत्तर : भाऊ, मुलाचा आकडा तिकडचा आहे, पण त्याची काळजी तुमच्या वावरालाही लागू पडते.

टोरोंटोत हिवाळ्यात जमिनीतलं पाणी गोठतं. खालची ओल वर ओढली जाऊन बर्फाचे थर जमतात आणि वरची माती उचलली जाते. म्हणून ते पाया गोठण रेषेच्या, म्हणजे जिथवर जमीन गोठते त्या खोलीच्या, खाली नेतात. आपल्याकडे जमीन गोठत नाही. पण काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घर निदान स्वतःच्या वजनानं दाबून बसतं. टिनाच्या शेडला वजनच नाही, त्यामुळे ते आधी हलतं. आपल्या जुन्या लोकांनी गाव पांढरीवर वसवलं आणि काळी पेरायला ठेवली, ते उगाच नाही.

तेव्हा दोन फुटांवर थांबू नका. मुलाचे 4 फूटही डोळे मिटून घेऊ नका. खांबाच्या जागी एक खड्डा मुरूम लागेपर्यंत खणून पाहा. चार-सहा फुटांत पक्का मुरूम लागला तर फुटिंग, म्हणजे खांबाखालचा काँक्रीटचा रुंद ठोकळा, त्यावरच बसवा. दहा फुटांपर्यंतही काळीच असेल तर जमिनीत खोल ओतलेले, खाली फुगा असलेले काँक्रीटचे खांब, म्हणजे अंडररीम पाइल, लागतात. ती पद्धत रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं अशाच मातीसाठी विकसित केली. त्यासाठी इंजिनिअरकडून डिझाइन करून घ्या.

माती किती फुगते ते घरीच पाहता येतं. वाळलेली माती कुटून पिठाच्या चाळणीनं चाळा. दोन उभट काचेच्या ग्लासांत सारखीच माती टाका, एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. ढवळून एक दिवस ठेवा. रॉकेलमध्ये ती फुगत नाही. पाण्यातला थर त्याच्या दीडपट-दुप्पट दिसला, तर मिस्त्रीला तो ग्लासच दाखवा.

खोदलेली काळी पुन्हा खड्ड्यात भरू नका, हे मी आग्रहानं सांगतो. बांधकाम खात्यात असताना पाया खोल असूनही खांब उचललेले पाहिले आहेत: बाजूला भरलेली काळी फुगून काँक्रीटला घट्ट धरते आणि सोबत वर नेते. खांबाभोवती मुरूम भरा, थराथरानं पाणी मारून धुमसा. निव्वळ रेती नको. तिच्यातून पाणी थेट खाली मुरतं.

वाऱ्याचाही विचार करा. मे महिन्यातल्या वावधनात टिनं कशी उडतात ते तुम्हाला ठाऊक आहे. भारतीय मानकात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरला आहे. त्या हिशेबानं तुमच्या छपरावर वरच्या दिशेनं दोन टनांच्या आसपास ओढ येऊ शकते, म्हणजे खांबामागे अर्धा टन. 1.2 मीटर लांब-रुंद आणि 30 सेंटिमीटर जाड फुटिंगचं वजन सुमारे एक टन भरतं. खांब नुसता काँक्रीटमध्ये रोवण्यापेक्षा बेस प्लेट (खांबाच्या बुडाची लोखंडी पाटी) आणि अँकर बोल्टवर (काँक्रीटमध्ये पुरलेले बोल्ट) उभा करा, म्हणजे पुढे थोडा हलला तर पातळी पुन्हा साधता येते.

शेड घराच्या भिंतीला जोडू नका, दोघं वेगवेगळी हलतात. छपराचं पाणी पन्हाळीनं दूर सोडा. खड्डे एप्रिलमध्ये खणा आणि उघडे न ठेवता लगेच काँक्रीट करा.

मुरूम किती फुटांवर लागला ते कळवा, सळाखीचं त्यावरून सांगतो.