जुनी गाडी संस्थेला द्यायची आहे? किल्ली सगळ्यात शेवटी द्या

रविवारी गाडी देऊ नका. बाकीचं सगळं वाचलं नाहीत तरी चालेल, एवढं ऐका.

तुमची पोस्ट वाचताना सगळा जुना ताप आठवला. तुमच्या वडिलांच्या नावावरची २०११ ची वॅगनआर सांगलीच्या विश्रामबागेत दारात उभी, ते आता चालवत नाहीत. ती कराडजवळच्या एका वृद्धाश्रमाला द्यायची आहे, संस्थेचा माणूस रविवारी न्यायला येतोय. "२९-३० वर सह्या करून देऊन टाका, नावावर आम्ही करून घेतो" असं तो म्हणाला (२९ आणि ३० म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे आरटीओचे फॉर्म). आणि गाडीच्या किमतीएवढी ८०जीची, म्हणजे देणगीवरच्या आयकर सवलतीची, पावती मिळेल का, हा तुमचा प्रश्न. (मी वकील नाही, सीए नाही, एजंट तर नाहीच. पण या कागदांच्या मागे पुरेशा चकरा झाल्यात.)

पावतीचं आधी उरकतो. गाडी दिल्याबद्दल ८०जीची सवलत मिळत नाही. धान्य, कपडे, संगणक, गाडी, कशावरच नाही; कायद्यात देणगी पैशाच्या स्वरूपातच लागते असं स्पष्ट लिहिलं आहे. संस्थेने लेटरहेडवर "अंदाजे किंमत रु. ९०,०००" लिहून शिक्का मारून दिला तरी तो कागद आभारपत्र म्हणून फाईलला लावा, रिटर्नमध्ये दाखवू नका. यूट्यूबवर जे "कार डोनेट करा, टॅक्स वाचवा" चालतं ते अमेरिकेचं आहे. तिकडे संस्था टो करून गाडी नेते, बहुतेक वेळा लिलावात विकते आणि १०९८-सी नावाचा फॉर्म देते. तिथेही संस्थेने गाडी विकली तर सवलत साधारण आलेल्या रकमेपुरतीच. आपल्याकडे त्यातलं काही नाही.

सवलत हवीच असेल तर गाडी विका आणि पैसे द्या. घरगुती वापराच्या गाडीवर भांडवली नफ्याचा कर नाही (धंद्यात घसारा घेतलेली गाडी असेल तर सीएला विचारा, तो हिशेब वेगळा). पैसे चेकने किंवा एनईएफटीने द्या. रोख २,००० च्या वर गेली की सवलत नाही. संस्थेकडून १०बीई, म्हणजे आयकरासाठीचं देणगीचं प्रमाणपत्र मागा, नुसती पावती चालत नाही. आणि हे सगळं जुनी कररचना घेतली तरच. ९०,००० दिले तर साधारण संस्थेला ५० टक्के, म्हणजे ४५,००० ची वजावट. त्यातही उत्पन्नाच्या १० टक्क्यांची मर्यादा आहे. वीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर सेससकट ९,३६० रुपये वाचतात. गाडी वडिलांची, तेव्हा पैसे त्यांच्या खात्यातून जायला हवेत आणि वजावटही त्यांनाच. निवृत्त माणसाला मुळात करच बसत नसेल तर ८०जीचा विषयच सोडा.

आता मुद्द्याचं. सह्या केलेले कोरे २९-३० आणि किल्ली एकत्र देणं, ही या व्यवहारातली सगळ्यात महागडी चूक. मला ती किती महाग पडली ते सांगत बसत नाही, संस्थेचं नावही घेणार नाही. नेमकं काय होतं ते सांगतो. संस्था प्रामाणिक असली तरी गाडी नावावर करून घेणं हे तिथे कुणाचंच काम नसतं. सचिव म्हणतो खजिनदार बघेल, खजिनदार म्हणतो ठराव झाला की बघू, ठराव पुढच्या बैठकीत, बैठक दिवाळीनंतर. तोवर गाडी आश्रमाची भाजी आणते, रुग्ण मिरजेला नेते. सहा महिन्यांनी क्लच जातो, संस्था वैतागून गाडी गावातल्या कुणाला तरी देऊन टाकते, आणि तुमचे सही केलेले कोरे फॉर्म गाडीबरोबर पुढे जातात. चलनं वडिलांच्या मोबाईलवर येत राहतात.

चलन भरता येतं. अपघाताचं तसं नाही. मोटार वाहन कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हेच सांगितलं. गाडी २००७ मध्येच विकलेली, मध्ये आणखी हात बदललेले, अपघात २००९ मधला. तरी भरपाईची जबाबदारी नोंदणीत नाव असलेल्या पहिल्या माणसावरच आली. "मी तर दान दिली होती" हे तिथे कामाला येत नाही.

लोक पाचशेच्या मुद्रांकावर दानपत्र करतात आणि निर्धास्त होतात. आरटीओला त्याचं काही देणंघेणं नाही. साध्या कागदावर ताबापावती करा: गाडी नंबर, चेसिस नंबर, किलोमीटर, तारीख आणि वेळ, दोघांच्या सह्या, संस्थेचा शिक्का. वेळ लिहाच; त्या दिवशी दुपारी चलन फाटलं तर गाडी कुणाच्या हातात होती ते त्यावरून ठरतं. पण ही पावती आरसीची जागा घेत नाही.

संस्थेकडून आधी हे मागा: धर्मादाय कार्यालयाचं नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, पत्त्याचा पुरावा, आणि ठरावाची प्रत. ठरावात गाडीचा नंबर हवा आणि "अमुक यांना सह्यांचे अधिकार" असं नाव घालून हवं. आणि आता ती जागा जिथे प्रकरण हमखास अडतं. प्रमाणपत्रावरचं आणि पॅनवरचं संस्थेचं नाव अक्षरन् अक्षर जुळवून बघा. एकीकडे "मंडळ", दुसरीकडे "मंडळी". एकीकडे गावाचं नाव आहे, दुसरीकडे नाही. अर्ज तेवढ्यावर परत येतो. परत आला की कारण एका वेळी एकच सांगतात. आज नाव जुळत नाही. ते दुरुस्त करून गेलात की ठरावावर अध्यक्षांची सही नाही. तीही आणलीत की साहेब आज कॅम्पला गेलेत. पहिल्याच दिवशी पूर्ण यादी भिंतीवर लावली तर कुणाचं काय जाईल, देव जाणे. यादी लेखी मागा, निदान समोर उभं राहून लिहून घ्या.

आरटीओत न जाता ऑनलाइन काम करायची फेसलेस पद्धत आधारच्या ओटीपीवर चालते. संस्थेला आधार नसतं, म्हणून कागद घेऊन जाणं आलंच. संस्थेचा पत्ता कराड भागात असेल तर काम एमएच ५० कडे, सातारा भागात असेल तर एमएच ११ कडे. नंबर मात्र तुमचा एमएच १० चाच राहतो. राज्यातल्या राज्यात देणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असतं. देणाऱ्याचं कळवणं म्हणजे फॉर्म २९. तो स्वतः तारीख घालून, घेणाऱ्याचं पूर्ण नाव लिहून द्या आणि पोच घ्या. कोरा फॉर्म हातातून सोडायचा नाही.

जाण्याआधी सरकारच्या 'वाहन' नावाच्या साइटवर चार गोष्टी बघा. मोबाईल नंबर वडिलांचाच आहे ना? त्या काळात शोरूमवाले आपलाच नंबर टाकायचे आणि मग ओटीपी भलतीकडे जातो. चलनं बाकी आहेत का? एचपी, म्हणजे कर्जाचा बोजा, उतरवलाय का? कर्ज फेडलं म्हणजे बोजा उतरला असं होत नाही. फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी लागते, आणि एनओसी साधारण तीन महिन्यांच्या आतली मागतात. कर्ज एखाद्या सहकारी बँकेचं होतं आणि ती बँक आता दुसरीत विलीन झाली असेल (आपल्या भागात हे नवीन नाही), तर तिथूनच सुरुवात करा, वेळ त्यातच जातो. चौथं म्हणजे एचएसआरपी, हाय सिक्युरिटी नंबर प्लेट. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला ती पाटी नसेल तर ट्रान्सफरचं काम थांबवतात. कारला ७४५ रुपये अधिक जीएसटी.

चेसिसची पेन्सिल प्रिंटही मागतात. नंबर बहुधा बॉनेटच्या आत मागच्या पत्र्यावर कोरलेला असतो, काही गाड्यांत पुढच्या सीटजवळ मॅटखाली. रॉकेलच्या फडक्याने तेलकट थर पुसा, कोरडं करा, पातळ कागदाची पट्टी वर चिकटवून मऊ पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासा. दाबलंत की सगळं काळं होतं, अक्षरं उठत नाहीत. तीन-चार पट्ट्या काढून ठेवा, एक तरी फाटतेच. नंबर गंजून पुसट झाला असेल तर ते आज कळलेलं बरं.

तुमची नोंदणी संपायला चार महिने आहेत म्हणालात. नूतनीकरणाचा अर्ज, फॉर्म २५, मुदत संपण्याच्या आधी ६० दिवसांत येतो, त्याआधी करता येत नाही. तेव्हा ट्रान्सफर आत्ता आणि नूतनीकरण संस्थेच्या नावाने, हा सरळ मार्ग. पण संस्थेला आकडा आधी सांगा: पंधरा वर्षांवरच्या कारला नूतनीकरणाची फी ५,०००, वर पर्यावरण कर, शिवाय तपासणीला गाडी उभी करायची तर टायर, दिवे, ब्रेक. उशीर झाला तर महिन्याला ५०० वेगळे. संस्था ट्रस्ट नसून कंपनी म्हणून नोंदलेली असेल तर व्यक्तीकडून कंपनीकडे जाताना वाहनकराचा फरक निघतो, तेही आधीच विचारून घ्या. माझं मत कडू वाटेल, पण पंधरा वर्षांची गाडी दिली म्हणजे संस्थेच्या गळ्यात दरवर्षीचं एक बिल बांधलं. बहुतेक संस्था तोंडावर नाही म्हणत नाहीत. आणि "तिची ॲम्ब्युलन्स करू" असं कुणी म्हणालं तर हसू नका, पण होकारही देऊ नका. रुग्णवाहिकेला एआयएस-१२५ चं मानक आहे, वर लाल दिवा लावून भागत नाही.

गाडी तपासणीला टिकणार नसेल तर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्राला द्या, सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट (गाडी मोडीत जमा केल्याचा दाखला) घ्या, आलेले पैसे आश्रमाला पाठवा. गल्लीतल्या भंगारवाल्याला नको. तो गाडी तोडतो, पण नोंदणी जिवंत राहते. चालती गाडी डीलरला विकणार असाल तर तो आरटीओकडे अधिकृत नोंदलेला आहे का बघा आणि फॉर्म २९सी (गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याची सूचना) ऑनलाइन भरून घ्या. एप्रिल २०२३ पासूनच्या या नियमाने, पुढचं गिऱ्हाईक मिळेपर्यंत जबाबदारी डीलरवर जाते.

विम्याचं थोडक्यात. थर्ड पार्टी विमा नव्या मालकाकडे आपोआप गेल्याचं धरतात, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग १४ दिवसांत अर्ज करून नावावर करून घ्यावा लागतो. नो क्लेम बोनस वडिलांचा, गाडीचा नाही. कंपनीकडून त्याचं पत्र घ्या. तीन वर्षांत वडिलांच्या नावावर दुसरी गाडी आली तर तिला वापरता येतं. फास्टॅग काचेवरून खरवडून काढलात तरी चालूच राहतो. बँकेच्या ॲपमधून बंद करा, नाहीतर आणेवाडी आणि तासवड्याच्या टोलचे पैसे तुमच्याच खात्यातून.

तोवर गाडी उभी राहणार आहे, तर हँडब्रेक ओढून ठेवू नका. पावसाळ्यात ब्रेक धरून बसतात. पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकाला वीट लावा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

रविवारी येणाऱ्या माणसाला चहा पाजा, गाडी दाखवा, वरची कागदांची यादी हातात द्या. ठराव आणि पॅनची प्रत घेऊन तो पुन्हा आला तर वडिलांना घेऊन त्याच्याबरोबर आरटीओत जा. एमपरिवहन ॲपवर नाव बदललेलं दिसलं की त्याची प्रिंट काढा, आणि मग दोन्ही किल्ल्या द्या. दुसरी किल्ली बहुधा देवघराच्या ड्रॉवरमध्ये असते.