वजन उतरलं, पण नेमकं काय उतरलं?

प्रश्न : मी अंगाने बारीक आहे. मला मधुमेहाची भीती नाही ना?

उत्तर : आहे. रक्तातली साखर तपासून घ्या.

प्रश्न : वय ६४, मधुमेह आहे. वर्षभरात सात किलो वजन आपोआप उतरलं, सगळे कौतुक करतात. पण जिना चढताना मांड्यांत त्राण राहत नाही. वयामुळेच असेल ना?

उत्तर : 'वयामुळेच' म्हणत दिवस काढू नका. याच समजुतीपायी माणसं फार उशिरा आमच्याकडे येतात. जेवणानंतर रक्तात आलेली बरीचशी साखर इन्सुलिनच्या मदतीने स्नायू शोषून घेतात. स्नायू झिजले की साखर रक्तातच रेंगाळते. उलट, इन्सुलिनचा परिणाम कमी पडला की स्नायूंची झीज वाढते आणि ती भरूनही येत नाही. मधुमेह आणि स्नायूंची झीज असे एकमेकांना बळ देतात. गेलेल्या सात किलोंत चरबी किती आणि स्नायू किती, हे वजनकाट्याला कळत नाही. शिवाय प्रयत्न न करता वजन उतरणं ही कौतुकाची गोष्टच नव्हे. अनियंत्रित साखर, थायरॉइड किंवा दुसरा एखादा आजार त्यामागे असू शकतो.

कुणाला तरी शेजारी उभं करून, हात छातीशी घडी घालून खुर्चीतून पाच वेळा उठा-बसा. आशियाई निकषांनुसार १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर स्नायूंची तपासणी हवी. वेळ कितीही लागो, डॉक्टरांकडे याच आठवड्यात जा.

प्रश्न : रोज तासभर चालतो. पुरेसं आहे का?

उत्तर : नाही. चालणं चालू ठेवा, पण आठवड्यातून दोन-तीनदा, एक दिवसाआड, ताकदीचा व्यायामही हवा. मधुमेहाने डोळ्यांचा पडदा बिघडला असेल तर जोर लावून वजन उचलणं धोक्याचं ठरतं. आधी डोळे दाखवा. इन्सुलिन घेत असाल तर साखर एकदम उतरण्याबद्दलही विचारून घ्या.

प्रश्न : 'मधुमेहींसाठी खास' प्रथिनांची पावडर घेऊ का?

उत्तर : जाहिरात वाचून मुळीच नको. वयस्कर माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, ती बहुतेकांना जेवणातूनच मिळवता येतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा लागू होत नाही. म्हणून मूत्रपिंडं नीट काम करतात का हे कळायला आधी रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासा. पावडर विकणारे हे कधीच विचारत नाहीत, याचा मला संताप येतो.

प्रश्न : वजन कमी करणारं इंजेक्शन स्नायू खातं असं ऐकलं, म्हणून बंद केलं.

उत्तर : ऐकीव गोष्टीवर औषध बंद करायचं नसतं. वजन कोणत्याही मार्गाने घटलं तरी थोडे स्नायू जातातच. ते राखायला व्यायाम आणि प्रथिनं लागतात. मध्ये खंड पडल्यावर जुनाच डोस मनाने पुन्हा सुरू करू नका. आधी डॉक्टरांना फोन करा.