टचस्क्रीन ऑल-इन-वन डेस्कटॉप घरासाठी घ्यावा का?

टेबल लहान असेल आणि काम ब्राउझिंग, टॅली, ऑनलाइन क्लास एवढंच असेल तर ऑल-इन-वन (स्क्रीनच्या मागेच अख्खा कॉम्प्युटर बसवलेला असतो) जरूर घ्या, पण टचसाठी जादा पैसे मोजू नका. उभ्या स्क्रीनकडे सारखा हात उचलून दहा मिनिटांत खांदा भरून येतो, आणि टचची काच चकचकीत असल्याने मागे खिडकी असली की एक्सेलच्या रकान्यांत आपलंच तोंड दिसतं.

खरी गोम आत आहे. बहुतेक मॉडेलमध्ये प्रोसेसर लॅपटॉपचा, मदरबोर्डला कायमचा जोडलेला. रॅम आणि एसएसडी बदलता येते (काहींत रॅमही सोल्डर केलेली, म्हणजे बोर्डावर पक्की बसवलेली असते, विचारून घ्या). स्क्रीनचं पॅनेल गेलं की अख्खं मशीन अडकतं. सुट्या पीसीचा मॉनिटर किंवा पॉवर सप्लाय पुण्यात टिळक रोडवर त्याच दिवशी मिळतो. याचा पार्ट कंपनीकडून मागवावा लागतो.

घ्यायचाच तर:
- 16 जीबी रॅम, एक मोकळा स्लॉट
- एचडीएमआय ‘इन’ पोर्ट, म्हणजे दुसऱ्या मशीनचं चित्र या स्क्रीनवर घेणारा. पुढे मशीन जुनं झालं तरी स्क्रीन मॉनिटर म्हणून वापरता येते
- 600 व्हीएचा यूपीएस; ऑल-इन-वनमध्ये लॅपटॉपसारखी बॅटरी नसते, लाइट गेली की काम गेलं

दुकानाच्या काउंटरवर किंवा लहान मुलांसाठी मात्र टच उपयोगी पडतो.