निझव्याच्या बाजारात पायी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

ओमानची सहल आखणाऱ्या वाचकांकडून निझव्याच्या पायी फेरीबद्दल बरेच प्रश्न आले आहेत. मस्कतपासून साधारण दीडशे किलोमीटरवर, डोंगराच्या पायथ्याशी असलेलं हे गाव शतकानुशतकं इमामांची राजधानी होतं. आजही आजूबाजूच्या खेड्यांतले लोक जनावरं, खजूर आणि भाजी घेऊन इथेच येतात. निवडक प्रश्नांची उत्तरं देत आहोत.

प्र. टूरवाल्याने शुक्रवारचा कार्यक्रम पाठवला आहे : सकाळी 8 ला मस्कतहून निघणे, 10 ला किल्ला, साडेअकराला बाजार, मग जेवण आणि परत. ठीक आहे का?

नाही. दिवस बरोबर निवडलाय, कारण जनावरांचा बाजार शुक्रवारी भरतो, पण वेळा चुकल्या आहेत. ओमानमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी असते आणि शुक्रवारी दुपारी जुम्म्याची नमाज. बाजार अकरा-साडेअकरापासून आवरायला लागतो आणि दुकानं पुन्हा उघडतात ती चारच्या पुढे. या वेळापत्रकाने गेलात तर तुमच्या वाट्याला बंद दारं, रिकाम्या गल्ल्या आणि डोक्यावर ऊन एवढंच येईल.

निझव्यात काय कधी संपतं ते पाहून फेरी आखायची. सगळ्यात आधी संपतो तो जनावरांचा बाजार. तो साडेसहा-सातला रंगात येतो आणि नऊपर्यंत पांगतो. म्हणून आधी तो, मग मासळी, भाजी आणि खजुराचे ओटे, त्यानंतर चांदीची आणि मडक्यांची दुकानं. किल्ला नऊ-साडेनऊनंतर पाहा. तो कुठे पळून जात नाही, आणि आतल्या खोल्यांत सावली असते. संध्याकाळ तटाला लागून असलेल्या अल-अक्र या जुन्या वस्तीसाठी राखून ठेवा.

हे साधायचं तर गुरुवारी रात्री निझव्यातच मुक्काम करा. अक्रमधल्या काही मातीच्या घरांची आता छोटी अतिथिगृहं झाली आहेत, तिथून बाजार पाच मिनिटांवर आहे. मुक्काम नकोच असेल तर मस्कतहून पहाटे साडेचारला निघावं लागेल.

गाडी स्वतः चालवणार असाल तर एक लक्षात ठेवा. बाजाराबाहेरचं मोठं वाहनतळ वादीत, म्हणजे कोरड्या नदीपात्रात आहे. डोंगरावर ढग दिसत असतील तर गाडी तिथे सोडून जाऊ नका. गावात थेंबही न पडता वादीला लोंढा येऊ शकतो.

प्र. शेळ्यांच्या लिलावात पर्यटकांनी उभं कुठे राहायचं? आपण मध्ये येतोय असं सारखं वाटतं.

बाजाराची रचना समजली की जागा आपोआप कळते. मधोमध छपराखाली गोल ओटा, त्याभोवती जनावरं फिरवायची वाट आणि वाटेच्या बाहेर माणसांचं दुसरं कडं. गिऱ्हाइकं ओट्यावरही असतात आणि बाहेरच्या कड्यातही. दोरीला धरलेली शेळी घेऊन दलाल या वाटेवर फेऱ्या मारतो आणि चालू बोली ओरडत राहतो. (दलाल हा शब्द आपल्याकडे अरबीतूनच आला.) कुणी हात केला की तो थांबतो. गिऱ्हाईक शेळीचा ओठ वर करून दात बघतं, पाठीच्या कण्यावरून अंगठा दाबत नेतं, दुभती असेल तर कास चाचपतं आणि आकडा सांगतं. दलाल तो नवा आकडा ओरडत पुढे निघतो. मालक बहुतेक वेळा दुसरीकडेच उभा असतो. शेवटची बोली त्याला पटली तरच सौदा होतो.

दात बघतात ते वयासाठी. दुधाचे पुढचे दोन दात पडून कायमचे आले, म्हणजे आपल्याकडचे शेतकरी ज्याला दोनदाती म्हणतात तसं जनावर झालं, की वर्ष उलटलं असं धरतात. कुर्बानीच्या बोकडाला वर्ष पूर्ण असावं लागतं. त्यामुळे बकरी ईदच्या आधीच्या बाजारात दातांची तपासणी जास्त आणि गर्दी तर विचारूच नका.

तुमची जागा बाहेरच्या कड्यात, गिऱ्हाइकांच्या मागे. फिरत्या वाटेवर पाऊल टाकायचं नाही, फोटोसाठी क्षणभरसुद्धा नाही. दोरी पायात अडकते, आणि दलाल तुमच्यासाठी थांबला की मागची सगळी रांग तुंबते. गाई-बैल आले की आणखी दोन पावलं मागे व्हा. एखादा बैल दोरी हिसडून गर्दीत घुसतो, आणि बाजाराची सवय असलेले लोक तुमच्याआधी बाजूला झालेले असतात. पाठीवरची सॅक पुढे घ्या, कारण वळताना ती शेजाऱ्याला लागते. पायात बंद बूट हवेत. का, ते तिथली जमीन पाहिल्यावर कळेल.

फोटो जनावरांचे आणि गर्दीचे खुशाल काढा. माणसाचा जवळून काढायचा असेल तर आधी विचारा, ‘मुमकिन सूरा?’ चेहऱ्यावर बुरख्याचा मुखवटा घालून शेळ्या विकायला आलेल्या बेदुईन (वाळवंटातल्या भटक्या जमातींच्या) बायकांवर लांबूनही कॅमेरा रोखू नका. ड्रोन परवानगीशिवाय उडवता येत नाही.

प्र. एवढंसं गाव आहे, मग गाइड घेऊन फायदा काय?

नुसत्या बाजारासाठी गाइडची गरज नाही. भाव विचारायला मोडकंतोडकं हिंदी-इंग्रजी पुरतं. दुकानांतून बरेच जण भारतीय उपखंडातलेच भेटतात. गाइडचे पैसे वसूल होतात ते किल्ल्याच्या बुरुजात.

निझव्याचा मूळ गढीवजा भाग नवव्या शतकातला मानला जातो. मोठा गोल बुरूज मात्र सतराव्या शतकात इमाम सुलतान बिन सैफ अल-यारुबी यांनी बांधवला. 1650 मध्ये मस्कतमधून पोर्तुगीजांना हुसकावलं ते यांनीच. काम बारा वर्षं चाललं असं सांगतात. बुरुजाची उंची सुमारे 30 मीटर आणि व्यास सुमारे 36 मीटर. तो आतून पोकळ असेल अशी आपली समजूत होते, पण जवळजवळ अर्ध्या उंचीपर्यंत तो माती-दगडांनी ठासून भरला आहे. बाहेरून आदळणारा तोफगोळा जिरावा आणि वर स्वतःच्या तोफा डागताना बसणारा हादरा पेलावा, यासाठी ही भर. तोफांच्या जमान्यासाठीच बांधलेली ही गोष्ट आहे. वरच्या गच्चीवरून चारही दिशांना तोफा रोखायला 24 झरोके आहेत.

वर जायचा जिना अरुंद आणि नागमोडी आहे. वळणावर जाड लाकडी दार, दारावर छतात भोक आणि दारापलीकडे खड्डा. खड्ड्यावर फळ्या टाकलेल्या असत. शत्रू आत आला की फळ्या काढायच्या, वरच्या भोकातून उकळतं पाणी किंवा खजुराचा उकळता पाक ओतायचा. पाक कुठून यायचा, हे खाली खजुराच्या कोठीत पाहायला मिळतं. तिथल्या जमिनीला समांतर पन्हळी आहेत. खजुराची पोती थरावर थर रचली की वरच्या वजनाने खालच्या खजुराचा रस सुटतो, पन्हळीतून वाहत एका टोकाच्या खळग्यात साठतो. याला दिब्स म्हणतात. रोज खायला आणि वेढ्याच्या वेळी ओतायला तोच. पाटीवर यातलं बरंचसं लिहिलेलं असतं, पण वर मान करून भोक दाखवायला कुणी नसेल तर दहांपैकी आठ जण सरळ त्याखालून निघून जातात.

गाइड ठरवताना त्याच्याकडे वारसा आणि पर्यटन मंत्रालयाचा परवाना आहे का ते पाहा आणि तीन गोष्टी आधीच विचारा. शुक्रवारी सुरुवात किती वाजता? किल्ल्याचं तिकीट धरलंय का? (परदेशी प्रौढांसाठी अलीकडे ते 5 रियाल आहे आणि एक रियाल म्हणजे दोनशेहून जास्त रुपये.) गटात किती जण? दहापेक्षा जास्त असतील तर बुरुजाच्या जिन्यात मागच्यांना काही ऐकू येत नाही.

प्र. सासूबाई बहात्तर वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात. त्यांना नेता येईल का?

बाजार आणि किल्ल्याचं खालचं अंगण यांना हरकत नाही. फरसबंदी बरीचशी सपाट आहे. बुरुजाचा जिना मात्र टाळा. पायऱ्या उंच आहेत, एकसारख्या नाहीत, आणि समोरून माणसं उतरत असली की मध्येच थांबावं लागतं. त्या वेळात सासूबाईंना खालच्या दालनांतलं प्रदर्शन पाहता येईल. मे ते सप्टेंबर मात्र कुणालाच नेऊ नका, पारा चाळिशीच्या पुढे जातो. ऑक्टोबरअखेर ते मार्च हे महिने चांगले.

प्र. चांदीचा खंजर घ्यायचा आहे. फसवणूक कशी ओळखायची?

आधी तो कशासाठी हवा ते ठरवा. भिंतीवर लावायला हवा असेल तर पर्यटकांसाठीचे स्वस्त खंजर आहेतच. त्यांची म्यान यंत्रावर ठोकलेल्या पत्र्याची असते. नक्षी सगळीकडे तंतोतंत सारखी आणि कडा बोथट दिसल्या की समजा, हे साच्यातलं काम आहे. हाताच्या कामात चांदीची तार वळून बसवलेली असते, डाव्या-उजव्या बाजूंत बारीक फरक राहतो आणि मागच्या बाजूचा टाका कारागिराने लपवलेला नसतो. वजन करून घ्या आणि चांदीचा भाव व मजुरी वेगवेगळी विचारा. कारागिराच्या दुकानात हा प्रश्न कुणाला खटकत नाही. जिथे खटकतो तिथून काढता पाय घ्या.

जुन्या दागिन्यांत मारिया थेरेसा थेलर हे नाणं दिसेल. ऑस्ट्रियाचं हे नाणं 1780 सालाच्या ठशाने पुढे दीडशे-दोनशे वर्षं पाडलं जात राहिलं आणि विसाव्या शतकातही ओमानमध्ये चलनात होतं. दागिने घडवायची चांदी बहुधा तेच वितळवून यायची. म्हणून 1780 हा आकडा पाहून ‘अडीचशे वर्षांचं’ म्हणणाऱ्या विक्रेत्याला हसून मान डोलवा आणि पुढे चला. नाण्यात चांदी सुमारे 83 टक्केच असते, हेही सौद्यात धरा.

जुन्या खंजरांच्या मुठी कधीकधी गेंड्याच्या शिंगाच्या किंवा हस्तिदंताच्या असतात. त्या कितीही देखण्या असल्या तरी घेऊ नका. आंतरराष्ट्रीय बंदीमुळे विमानतळावर जप्ती आणि खटला दोन्ही होऊ शकतं. लाकडी मूठ उत्तम. पावती घ्या आणि खंजर चेक-इन सामानात टाका. केबिन बॅगेत तो जाणार नाही.

भावाची घासाघीस होते, पण बेताने. पंधरा-वीस टक्के कमी झाले तर खूप झालं. निम्म्या भावापासून सुरुवात केलीत तर इथला दुकानदार उखडत नाही, शांतपणे वस्तू परत ठेवतो.

प्र. फलज म्हणजे काय? फेरीत तो आवर्जून दाखवतात.

फलज म्हणजे पाट. भूमिगत झऱ्यापासून किंवा डोंगरातल्या पाण्यापासून केवळ उताराने गावापर्यंत आणलेला. ओमानमध्ये असे सुमारे तीन हजार आजही वाहतात. त्यांतले पाच 2006 मध्ये जागतिक वारसा यादीत गेले, निझव्याचा फलज दारिस त्यांपैकी एक. त्याचं उगमाकडचं उद्यान बाजारापासून दूर आहे, गाडीने जा.

पाहायचं ते वाटप. पाणी गावात शिरतं तिथे आधी पिण्यासाठी भरायची जागा, मग मशीद, मग पुरुषांची आणि बायकांची न्हाणी आणि त्यानंतर खजुराच्या बागा. पाण्याची पाळी ‘अथर’ या मापात मोजतात. एक अथर म्हणजे साधारण अर्धा तास. दिवसा उभ्या काठीच्या सावलीवरून, रात्री ताऱ्यांवरून वेळ ठरवायची पद्धत होती. काही पाळ्या वंशपरंपरेने घराण्यांच्या, काही मशिदीच्या. फलजच्या दुरुस्तीसाठी राखलेल्या पाळ्यांचा शेळ्यांसारखाच लिलाव होतो.

पाटाकाठी बसा, पण पाय सोडायच्या आधी आपण कोणत्या टप्प्यावर आहोत ते विचारा. वरच्या, पिण्याच्या टप्प्यावर पाय बुडवणं हा मोठा उद्धटपणा ठरेल.

प्र. आम्ही शाकाहारी आहोत. आणि कपडे कसे हवेत?

‘कॉफी शॉप’ अशी पाटी असलेली, बहुधा केरळी लोकांनी चालवलेली छोटी हॉटेलं शोधा. पराठा, डाळ, अंडं, कडक चहा मिळतो. रमजानमध्ये मात्र दिवसा रस्त्यावर पाणीसुद्धा पिऊ नका, तिथे तो गुन्हा आहे. कपड्यांनी बायका-पुरुष दोघांचे खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. बाजारालगतच्या मशिदीत आत जाता येईल असं धरून चालू नका.

प्र. हलवा आणि खजूर घरी न्यायचे आहेत. काय बघून घ्यावं?

ओमानी हलवा शिऱ्यासारखा रवाळ नसतो. साखर, स्टार्च, तूप, केशर, वेलची, गुलाबपाणी हे मोठ्या तांब्याच्या भांड्यात दोन तासांहून जास्त घोटून केलेला तो चिकट, लिबलिबीत पदार्थ आहे. चव दिल्याशिवाय विकत नाहीत, चमचाभर मागा. तूप कडेला सुटून साचलं असेल तर तो डबा घेऊ नका. चांगला हलवा फ्रिजशिवाय काही महिने टिकतो. फ्रिजमध्ये ठेवला तर तूप गोठून दातांखाली मेणासारखा लागतो.

खजुरात खलास सोनेरी-तपकिरी आणि मऊ, तर फर्द काळपट, घट्ट आणि प्रवासाला बरा. मबसली हे नाव दिसलं तर ते पिवळं फळ उकळून वाळवतात, आणि पूर्वी गलबतांतून भारतात ढिगांनी यायचं ते हेच. आपण त्याला खारीक म्हणतो. ती घरी मिळते, तेव्हा बॅगेत जागा खलासला द्या.