मावशीला ४४ व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला, आई ठणठणीत आहे. मी जीन टेस्ट करावी का?

ताई, तुमचं वय ३८, आई ६६ ची आणि निरोगी, असं तुम्ही लिहिलंय. मावशी हयात असतील आणि तयार असतील, तर टेस्ट आधी त्यांची करा. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांत दोष असला की स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. त्यांच्या यातल्या एखाद्या जनुकात दोष सापडला, तर नेमका तोच तुमच्या रक्तात शोधता येतो आणि मग 'नाही' या उत्तराला अर्थ उरतो. थेट तुमचीच केली आणि काही निघालं नाही, तर घरात दोष नाहीच की फक्त तुमच्यात आला नाही, हे कळत नाही. पैसे गेले, शंका तिथंच. मावशींत दोष असेल तर आईत असण्याची शक्यता ५० टक्के, तुमच्यात २५. आई या वयात बरी आहे म्हणून आकडा थोडा खाली येतो, शून्य होत नाही.

त्याआधी एक कागद तयार करा: दोन्ही घरच्या तीन पिढ्या, कोणाला कुठला कॅन्सर, कितव्या वर्षी. इथं हमखास आत्या आणि वडिलांची आई सुटतात. दोष वडिलांकडूनही तितकाच येतो. 'पोटात गाठ होती, त्यातच गेली' असं कोणाबद्दल ऐकलं असेल तर खोदून विचारा, तो अंडाशयाचा कॅन्सर असू शकतो. दोन्ही स्तनांत झालेला किंवा पुरुषाला झालेला स्तनाचा कॅन्सर तर नक्की लिहा. मावशींच्या बायोप्सी रिपोर्टची झेरॉक्स जोडा. त्यात ईआर, पीआर, हर-टू (कॅन्सरच्या पेशींवर तपासल्या जाणाऱ्या तीन खुणा) तिन्ही निगेटिव्ह असतील तर टेस्टची गरज वाढते. हे घेऊन नागपूरला जामठ्याच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटला किंवा तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलच्या ओपीडीत जा. नुसतं 'घरात आहे' म्हटलं की डॉक्टरांनाही अंदाजच करावा लागतो.

मात्र आनुवंशिक दोषामुळे होणारे स्तनाचे कॅन्सर ५ ते १० टक्केच. बाकीच्यांत वाढतं वय, १२ च्या आत आलेली पाळी, ५५ नंतर गेलेली पाळी, तिशीनंतरचं पहिलं मूल, दारू, पाळी गेल्यावर वाढलेलं वजन, अशी बरीच कारणं मिसळलेली असतात. अंगावर पाजल्याने धोका थोडा कमी होतो. काळी ब्रा, डिओडरंट वगैरेंनी कॅन्सर होतो, हे मात्र डोक्यातून काढून टाका.

मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, सहसा चाळिशीपासून. त्याआधी स्तन दाट असल्याने फिल्मवर बारीक गाठ झाकली जाते. पण गाठ लागली, कातडी आत ओढली गेली किंवा बोंडातून रक्ताळ पाणी आलं, तर जीन टेस्टची वाट पाहू नका. त्याच आठवड्यात सर्जनला दाखवा, गाठ दुखत नसली तरी.