‘खूण’ नको, ‘जोड’ म्हणा

रत्नागिरीच्या एका विज्ञानशिक्षिकेने विचारलं आहे: पेशीत प्रथिनाला युबिक्विटिन जोडलं जातं, त्या क्रियेला ‘खूण लावणे’ म्हणावं का? आणि युबिक्विटिनसारखंच ‘सूमो’ नावाचं छोटं प्रथिन जोडलं जातं, त्या ‘सूमोयलेशन’ला काय म्हणावं?

‘खूण’ मला पटत नाही. आंब्याच्या पेटीवरची खूण म्हणजे रंगाचा एक फराटा, त्याने पेटी बदलत नाही. युबिक्विटिन मात्र स्वतःच 76 अमिनो आम्लांचं प्रथिन आहे. ते बसलं की मूळ प्रथिनाचा आकार बदलतो, त्याचे सोबती बदलतात. शिवाय ‘खूण’ म्हटलं की मुलांच्या डोक्यात एकच अर्थ बसतो, मोडीत काढण्याचा. तो खरा आहे, पण मुख्यतः एका युबिक्विटिनच्या 48व्या जागेवरच्या लायसिन या अमिनो आम्लाला (लायसिन 48) पुढचं युबिक्विटिन लागून साखळी वाढली तर. ती साखळी प्रोटिओसोम, म्हणजे पेशीतलं प्रथिनं मोडणारं यंत्र, ओळखतो. लायसिन 63 मधून वाढलेली साखळी बहुधा डीएनए-दुरुस्तीच्या किंवा निरोप पोचवण्याच्या कामी येते.

चपखल शब्द तुमच्या परसातच आहे: कलम. कोय कलम बांधताना काडीचं टोक पाचरीसारखं तासतात, मग ती खुंटात बसते. सूमोचंही तसंच. पेशीत ते तयार होतं तेव्हा टोकाला काही जादा अमिनो आम्लं असतात. ती कापली की दोन ग्लायसिन उघडे पडतात आणि त्यातला शेवटचा समोरच्या प्रथिनाच्या लायसिनला धरतो. बांधणारे हातही ठरलेले: पहिला विकर एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) खर्चून सूमोला तयार करतो, दुसरा ते पुढे नेतो, तिसरा योग्य खुंट गाठून देतो. युबिक्विटिनसाठी माणसात दुसऱ्या पायरीचे तीसेक विकर आहेत, तिसऱ्याचे सहाशेच्या आसपास. सूमोसाठी दुसऱ्या पायरीवर एकटा यूबीसी-9.

तरीही पारिभाषिक शब्द म्हणून ‘कलम’ सुचवत नाही. एक तर ‘लायसिन 48 चं कलम’ वाचून दंडसंहिता आठवेल. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: लागलेलं कलम कोणी सोडवत नाही. इथे सोडवणं हा रोजचा व्यवहार आहे, आणि सूमोच्या बाबतीत टोक तासणारे सेन्प विकरच पुढे जोडही सोडवतात. म्हणून प्रयोगशाळेत पेशी फोडण्याच्या द्रावणात एन-इथाइलमॅलेइमाइड हे सेन्पला रोखणारं रसायन आधीच घालतात. ते घालायचं राहून गेलं तर सेन्प काही मिनिटांत जोड उडवतात आणि प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर सूमोवाला वरचा पट्टा दिसतच नाही. बघणारा म्हणतो, इथे सूमो जोडलंच नव्हतं! एरवीही त्या प्रथिनाचा थोडासाच अंश एका वेळी जोडलेला असतो.

तेव्हा ‘युबिक्विटिन-जोड’ आणि ‘सूमो-जोड’, क्रियापदं ‘जोडणे’ व ‘सोडवणे’. कलमाचा दाखला वर्गात जरूर द्या. फक्त कोय कलमात खुंटाचा शेंडा छाटतात, इथे मूळ प्रथिन अखंड राहतं, हे सांगा.

‘युबिक्विटिन’चं भाषांतर नको. लॅटिनमध्ये ‘युबिक्वे’ म्हणजे सगळीकडे, पण नेहमीच्या जिवाणूंत, उदाहरणार्थ ई. कोलायमध्ये, ते नाहीच. ‘सर्वव्यापी’ म्हणून आपण ती अतिशयोक्ती पक्की करू. ‘सूमो’ हे इंग्रजी आद्याक्षरांचं नाव, तेही तसंच राहू द्या. वर्गात कोणाला गाडी आठवली, तर आठवू दे.