वाचकांचे प्रश्न : वजनाच्या ऑपरेशननंतर न्याहारीला काय?

प्रश्न : स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी होऊन पाच आठवडे झाले. पातळ आहार संपून मऊ आहार चालू आहे. सकाळी घाई असते, म्हणून दुधात भिजवलेले कॉर्नफ्लेक्स खाल्ले तर चालतील का? भिजले की मऊच होतात. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : मऊ होतात हे खरं, पण अडचण मऊपणाची नाहीच. ३० ग्रॅम कॉर्नफ्लेक्समध्ये साधारण २५ ग्रॅम कर्बोदकं आणि जेमतेम २ ग्रॅम प्रथिनं असतात. स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. उरलेल्या नळीत सध्या पाव ते अर्धी वाटीच मावते आणि दिवसभरात ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं तर गाठायची आहेत. त्या अर्ध्या वाटीत मक्याचा लगदा भरला तर प्रथिनांना जागा कुठून आणायची? ती कमी पडली की चरबीबरोबर स्नायूही झडतात आणि केसगळती वाढते.

घाईच्या सकाळी ओट्सची पातळ पेज बरी. साधे, बिनमसाल्याचे ओट्स मिक्सरमध्ये रवाळ करून डब्यात भरून ठेवा. त्यातले १० ग्रॅम (दोन लहान चमचे भरून) १०० मिली टोन्ड दुधात मंद आचेवर ५-६ मिनिटं शिजवा. १५ ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर वेगळ्या वाटीत दोन चमचे गार पाण्यात कालवा आणि पेज कोमट झाल्यावर त्यात मिसळा. उकळत्या पेजेत कोरडी पावडर टाकली तर गुठळ्या होतात, आणि अशी एखादी गुठळी घशाखाली अडकली की सकाळ वाया. एवढ्या पेजेत ९ ते १० ग्रॅम प्रथिनं मिळतात. गार होताना ओट्स चिकट, घट्ट होतात, त्यामुळे पेज आच बंद करतानाच पातळ हवी.

चहाच्या लहान चमच्याने, २० ते ३० मिनिटं लावून खा. उचकी लागली, शिंका आल्या किंवा नाक वाहू लागलं तर पोट भरलं असं समजा. ‘दोनच घास राहिलेत’ म्हणून संपवायला गेलात तर उलटी ठरलेली. दुधाने पोट गुडगुडत असेल तर लॅक्टोज (दुधातली नैसर्गिक साखर) नसलेलं दूध घ्या आणि पावडरऐवजी बिनगोडाचं व्हे आयसोलेट, म्हणजे दुधाच्या निवळीतल्या प्रथिनांची पावडर. तेही कोमटातच घालायचं. तुमच्या टीमने दिलेला टप्पा याहून मागचा असेल तर अर्थात तोच पाळायचा.

प्रश्न : गॅस्ट्रिक बायपासला वर्ष झालं. ‘साखर घातलेली नाही’ असं लिहिलेली म्युझली आणली. खाल्ल्यावर वीस मिनिटांत धडधड, घाम, पोटात मुरडा, आडवंच व्हावं लागलं. साखर नाही तर हे कशाने? (एक वाचिका, ठाणे)

उत्तर : पाकिटावर लिहिलंय ते कदाचित खरंच असेल. साखर वरून घातलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण मनुका, खजूर, सुकवलेली फळं यांत साखर आधीचीच असते. मनुकांचं निम्म्याहून जास्त वजन साखरेचंच. तुमच्या आतड्याला ती मनुकांतून आली की बरणीतून, याच्याशी देणंघेणं नाही.

बायपासनंतर जठराची पिशवी साधारण ३० मिलीची राहते आणि अन्न थोडं थोडं पुढे सोडणारी झडप वाटेतून वगळली जाते. गोड, पातळ अन्न एकदम लहान आतड्यात उतरतं, तिथे पाणी ओढून घेतं, आणि तुम्ही लिहिलंय तसं सगळं होतं. याला डंपिंग म्हणतात. ते १० ते ३० मिनिटांत होतं. दुसरा प्रकार १ ते ३ तासांनी येतो. त्यात इन्सुलिन जास्त सुटून रक्तातली साखर उतरते, हातपाय थरथरतात, डोकं चालेनासं होतं. तसं होत असेल तर त्या वेळी साखर मोजून आकडा आणि वेळ वहीत लिहा, आणि वही डॉक्टरांना दाखवा. आकडा ७० च्या खाली असेल तर ग्लुकोज घ्यावंच लागतं, आणि सावरल्यावर प्रथिनांचं काहीतरी.

पाकीट घेताना पुढची बाजू वाचूच नका, मागची वाचा. ‘ॲडेड शुगर’ची ओळ सोडून ‘टोटल शुगर’ची बघा, तीही १०० ग्रॅमच्या रकान्यात. ५ ग्रॅम किंवा कमी असेल तर उत्तम, १० च्या वर असेल तर परत ठेवा. तंतू ६ ग्रॅमच्या वर हवेत. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात, म्हणून मध, गूळ, माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली, झटकन पचणारी पूड), इन्व्हर्ट सिरप (साखरेचा पाक) यांपैकी काही पहिल्या तीनांत दिसलं तर पुढे वाचण्याची गरज नाही. ‘एका सर्व्हिंगमध्ये’ या रकान्यावर विसंबू नका. सर्व्हिंग केवढं धरायचं हे कंपनीच ठरवते.

घरात आलेल्या पाकिटाचं काय करायचं? मनुका, खजूर वेचून काढा. उरलेलं दोन मोठे चमचे, अर्धी वाटी चक्क्यासारख्या घट्ट दह्यावर टाकून, चावून खा. दुधात बुडवून नको. पातळात भिजलेलं धान्य लवकर खाली उतरतं आणि तासाभरात पुन्हा भूक लागते. पाणीही खाल्ल्यावर अर्ध्या तासाने.

प्रश्न : पोहे कायमचे सोडायचे का? ऑपरेशनला दीड वर्ष झालं. आमच्याकडे रविवार पोह्यांशिवाय उजाडत नाही. (एक वाचक, सांगली)

उत्तर : सोडू नका, पण ताटातली त्यांची जागा बदला. ३० ग्रॅम कोरड्या पोह्यांत २३ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं आणि २ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे हिशेब कॉर्नफ्लेक्सचाच. फक्त आपल्या घरचे म्हणून आपण त्यांना माफ करतो.

करायचं असं : पोहे १५ ग्रॅम, म्हणजे लहान मूठभर. २० ग्रॅम कोरड्या मटकीला मोड आणून, वाफवून त्यात घाला. सोबत एक उकडलेलं अंडं किंवा ३०-४० ग्रॅम पनीर. सगळं मिळून ११ ते १३ ग्रॅम प्रथिनं होतात. आधी अंडं संपवायचं, मग मटकीचे पोहे. उलट केलंत तर अंडं ताटात राहतं. पोहे नीट भिजलेले हवेत. कोरडे, तडतडीत राहिले तर घास छातीत अडकतो आणि तो उतरवायला पाणी प्यायलं की दुखणं वाढतं. वरून फरसाण नको, लिंबू हवं तेवढं पिळा.

उपम्याचं गणित हेच. साबुदाण्याचं मात्र त्याहून वाईट : तो जवळजवळ निव्वळ स्टार्च, प्रथिनं नावापुरतीही नाहीत. उपवास असेल तर राजगिऱ्याचं थालीपीठ आणि घट्ट दही घ्या.

रोजच्यासाठी मुगाचं धिरडं या सगळ्यांपेक्षा सरस. ३० ग्रॅम सालीची मुगडाळ तीन तास भिजवून वाटा, त्यात १५ ग्रॅम ओट्सची भरड आणि ३० ग्रॅम किसलेलं पनीर घाला. साधारण १४ ग्रॅम प्रथिनं. तव्यावर झाकण ठेवून मऊ काढा. कडा कुरकुरीत झाल्या तर काढून टाका.

प्रश्न : सासूबाई नाचणीचं सत्त्व देतात. ताकदीचं असतं म्हणतात. (एक वाचिका, रत्नागिरी)

उत्तर : नाचणीत कॅल्शियम भरपूर, १०० ग्रॅममध्ये ३४० मिलिग्रॅमच्या वर. पण वाटून, गाळून, तळाशी बसलेलं सत्त्व म्हणजे मुख्यतः स्टार्च. चोथ्याबरोबर तंतू आणि बरंच काही जातं. मोड आणून, वाळवून दळलेलं अख्ख्या नाचणीचं पीठ वापरा. एक मोठा चमचा पीठ पाण्यात शिजवून गार करा आणि मग ताक घाला. ताक चुलीवर असताना घातलं तर फाटतं. गूळ नको. विकतच्या नाचणी माल्टचं पाकीटही मागून वाचा. सासूबाईंना एवढंच सांगा की ताकद पिठात जास्त आहे, त्यांची मेहनतही वाचेल.

प्रश्न : लोह घातलेले फ्लेक्स खाल्ले तर लोहाची गोळी बंद करता येईल का? (एक वाचिका, पुणे)

उत्तर : नाही. फ्लेक्सबरोबर दूध येतं, दुधातलं कॅल्शियम लोह शोषू देत नाही, आणि चहा उरलंसुरलं अडवतो. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी किमान दोन तासांच्या अंतराने घ्या.

प्रश्न : तीन वर्षांनी वजन पुन्हा ६ किलो वाढलं. जेवण कमीच आहे, फक्त अधूनमधून भडंग खाते. (एक वाचिका, सातारा)

उत्तर : त्या भडंगाचंच वजन आहे. चुरमुरे तोंडात विरघळतात, पिशवीत थांबत नाहीत, त्यामुळे पोट भरल्याची खूण येतच नाही आणि वाटीवर वाटी संपते. वर भडंगाला तेल. एक दिवस खाल्लेल्या प्रत्येक वाटीचं वजन करून बघा. त्याऐवजी २५ ग्रॅम फुटाणे, मोजून, बसून, एकाच वेळी खा. ते चावावे लागतात, म्हणून थांबताही येतं.